काटा शून्याखाली कशासाठी जातो?

प्रश्न : टर्बो पेट्रोल गाडीत मेकॅनिकल बूस्ट गेज बसवतोय. नळीची जोडणी कुठून घ्यावी?

उत्तर : थ्रॉटल (अॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) आणि इंजिन यांच्या मधल्या इनटेक मॅनिफोल्डवरून, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीवरून. टर्बो ते थ्रॉटल या पाइपवर जोडणी घेतली तर बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) दिसतो, व्हॅक्यूम (थ्रॉटल जवळजवळ बंद असताना त्याच्यामागे पडणारा कमी दाब, काट्याची शून्याखालची बाजू) दिसत नाही. मग निम्मा गेज फुकटच. मॅनिफोल्डवरून ब्लो-ऑफ व्हॉल्व्हकडे (थ्रॉटल बंद होताच जादा दाब सोडणाऱ्या झडपेकडे) जाणारी रबरी नळी असेल तर ती कापून त्याच मापाचा टी-जॉइंट घाला. ब्रेक बूस्टरच्या नळीला हात लावू नका. तिच्यात एकमार्गी व्हॉल्व्ह असतो. त्याच्या पलीकडे, ब्रेक बूस्टरच्या बाजूला, जोडलंत तर काटा व्हॅक्यूमवरच अडकतो आणि जोड गळू लागला तर ब्रेक जड होतो. वेस्टगेटची (टर्बोचा बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची) नळीही नको. तिथे गळती झाली की वेस्टगेटला कमी दाब पोचतो, तो उशिरा उघडतो आणि बूस्ट मर्यादेबाहेर चढतो.

काम थंड इंजिनवर करा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून. प्रत्येक जोडावर झिप टाय हवाच. नळी टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब न्या, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातून) रबरी ग्रोमेटमधूनच आत घ्या. उघड्या पत्र्याची कड तिला महिन्याभरात कापते. गेजच्या दिव्याची तार पार्किंग लाइटच्या सर्किटला फ्यूज लावून, अर्थिंगची तार रंग खरवडलेल्या पत्र्याला. गाडी सुरू केल्यावर टीजवळ फुसफुस ऐकू आली किंवा आयडलिंग वर-खाली झालं तर जोड पुन्हा बघा.

प्रश्न : आयडलिंगला काटा शून्याखाली १९ वर, पूर्ण अॅक्सिलरेटरला १२ वर. गेज बिघडलाय का?

उत्तर : नाही. बऱ्याच गेजमध्ये शून्याखालचे आकडे पाऱ्याच्या इंचांत आणि वरचे पीएसआयमध्ये असतात. १२ पीएसआय म्हणजे साधारण ०.८३ बार. गरम, निरोगी इंजिन समुद्रसपाटीला आयडलिंगवर बहुधा १७ ते २१ इंच दाखवतं. दर ३०० मीटर उंचीला साधारण एक इंच कमी धरा. आकड्यापेक्षा काट्याची चाल जास्त बोलते. आयडलिंगला ठरावीक तालात खाली झटका बसत असेल तर एखादा व्हॉल्व्ह किंवा स्पार्क प्लग तपासा. बूस्टमध्ये काटा नुसता थरथरत असेल तर इंजिनवर संशय नको, नळीत बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर घाला. आरपीएम वाढताना बूस्ट ठरलेल्या मर्यादेपुढे चढतच गेला तर मात्र लगेच अॅक्सिलरेटर सोडा आणि वेस्टगेट, त्याची नळी दोन्ही पाहा. शेजाऱ्याच्या गाडीशी तुलना व्यर्थ आहे. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गिअर आणि तापमानानुसार बूस्ट बदलत राहतो.

प्रश्न : डिझेलवर काटा शून्याखाली जातच नाही.

उत्तर : जायलाही नको. डिझेलमध्ये ताकदीचं नियंत्रण इंधनाच्या मात्रेने होतं, हवा अडवून नाही, त्यामुळे आयडलिंगला व्हॅक्यूम जवळजवळ नसतो. डिझेलसाठी शून्यापासून सुरू होणारा गेज घ्या, म्हणजे डायलची सगळी जागा बूस्टला मिळते.