ओनर-ऑपरेटर (स्वतःच्या ट्रकचा मालक-चालक) म्हणून आपली गाडी कोणत्या कॅरियरला (मालवाहतूक कंपनीला) लावावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही ओहायोत कोलंबसजवळ राहता, कंपनीच्या ट्रकवर चार वर्षे चालक म्हणून काम केले आहे, आता २०१९ सालचा एक वापरलेला स्लीपर ट्रक (केबिनमध्ये झोपायची जागा असलेला) घेण्याच्या बेतात आहात आणि स्वतःची ऑथॉरिटी, म्हणजे मालवाहतुकीचा सरकारी परवाना, न काढता तो एखाद्या कॅरियरला लीजवर लावणार आहात. तुमच्यापुढे तीन प्रस्ताव आहेत. पहिला कॅरियर भाड्याचे ७५ टक्के देऊ म्हणतो, दुसरा सर्व मैलांवर मैलाला १ डॉलर आणि वर फ्युएल सरचार्ज, म्हणजे डिझेलच्या भावानुसार मिळणारी जादा रक्कम, देतो, तर तिसरा सांगतो की गाडी विकत घेण्याची गरजच नाही, आमचीच गाडी सुरुवातीला काही न भरता लीज-पर्चेसवर, म्हणजे कमाईतून हप्ते कापून पुढे मालकीची होईल अशा करारावर, घ्या. यांपैकी चांगला कोण, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली नऊ वर्षे इंडियानात राहून स्वतःची गाडी कॅरियरला लावून चालवतो आहे. या काळात दोन कॅरियर झाले. पहिला निवडताना मी फक्त मैलाचा दर पाहिला आणि त्याची किंमत मोजली. दुसरा निवडताना आधी करार मागून घेतला आणि आठवडाभर तो वाचत बसलो. म्हणून तुम्हाला कंपनीचे नाव सुचवण्याऐवजी, सही करण्यापूर्वी कोणते कागद मागावेत आणि त्यांत काय पाहावे, हे सांगणे मला अधिक योग्य वाटते. एकाच कंपनीत एका डिस्पॅचरखाली (कोणाला कोणता माल द्यायचा हे ठरवणाऱ्याखाली) माणूस सुखाने काम करतो आणि दुसऱ्याखाली वैतागतो. कराराची कलमे मात्र दोघांना सारखीच लागू असतात.

पहिली गोष्ट कायद्याची. अमेरिकेच्या केंद्रीय नियमावलीत ४९ व्या शीर्षकाखाली भाग ३७६ आहे, ज्याला या धंद्यात ‘ट्रुथ-इन-लीझिंग’ म्हणतात. हे नियम १९७९ मध्ये आले आणि गाडीमालकाने कॅरियरशी केलेल्या लेखी करारात काय असलेच पाहिजे, हे त्यांत सविस्तर लिहिले आहे. मोबदला कराराच्या कागदावर स्पष्ट हवा. माल पोहोचवल्याची आवश्यक कागदपत्रे दिल्यापासून १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. तुमच्या हिशेबातून जे जे कापले जाणार ते करारात नमूद हवे आणि ती रक्कम कशी काढली हेही कळायला हवे. कॅरियरकडूनच एखादी वस्तू किंवा सेवा विकत घेतली पाहिजे, अशी अट लीजसाठी घालता येत नाही. हा भाग छापून घ्या आणि हातात आलेला करार त्याच्या शेजारी ठेवून वाचा. जो कॅरियर ‘आधी ओरिएंटेशनला (नव्यांच्या प्रशिक्षणाला) या, करार तिथेच मिळेल’ असे सांगतो, त्याच्याकडे जाण्याचे मी टाळेन, कारण दोन दिवसांचा प्रवास करून, हॉटेलात राहून, जुनी नोकरी सोडून आलेला माणूस सही न करता परत फिरत नाही आणि हे त्यांना पक्के ठाऊक असते.

आता तुमच्या पहिल्या प्रस्तावाकडे येऊ. ७५ टक्के, पण कशाचे? ग्राहकाने दिलेल्या पूर्ण भाड्याचे, की कॅरियरच्याच ब्रोकरेज (दलाली) शाखेने आपला वाटा काढून घेतल्यानंतर उरलेल्या भाड्याचे? सरचार्ज त्या भाड्यात धरला आहे, की तो वेगळा आणि पूर्ण तुमचा? माझे वडील कोल्हापुरात एक ट्रक ट्रान्सपोर्टला लावून गुळाची वाहतूक करत आणि बिल्टीवरचे भाडे स्वतः वाचल्याशिवाय गाडी हलवत नसत. त्यांची ती सवय मला इथे फार उपयोगी पडली. टक्केवारीवर काम करणाऱ्याला सेटलमेंटच्या (पैसे देताना होणाऱ्या हिशेबाच्या) आधी किंवा सेटलमेंटबरोबर मूळ फ्रेट बिलाची (ग्राहकाला लावलेल्या भाड्याच्या बिलाची) प्रत, किंवा तीच माहिती असलेला संगणकीय कागद, देणे कॅरियरवर बंधनकारक आहे. ग्राहकांची नावे ते झाकू शकतात, भाड्याचा आकडा झाकू शकत नाहीत. भरतीच्या कार्यालयातील व्यक्तीला सरळ विचारा की ही प्रत दर आठवड्याला आपोआप मिळते की मागावी लागते. उत्तर देताना ती व्यक्ती घुटमळली, तर त्या ७५ टक्क्यांवर विसंबू नका.

दुसऱ्या प्रस्तावात प्रश्न मैल कोणते मोजले जातात हा आहे. काही कॅरियर प्रत्यक्ष रस्त्याच्या जवळ जाणारे ‘प्रॅक्टिकल’ मैल देतात, तर काही ‘हाउसहोल्ड गुड्स’ नावाच्या जुन्या तक्त्याचे मैल देतात, जे गाडीच्या मीटरवर चढणाऱ्या मैलांपेक्षा कमी भरतात. माझ्या पहिल्या कॅरियरकडे हा फरक सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास पडत असे, म्हणजे आठवड्याला २,५०० मैल चालवले की १५० मैल फुकट.

सरचार्जचे गणितही एकदा स्वतः करून पाहा. बहुतेक कॅरियर ऊर्जा खात्याच्या आकडेवारी विभागाकडून दर आठवड्याला जाहीर होणारा डिझेलचा सरासरी भाव घेतात, त्यातून एक ठरलेला आधारभाव वजा करतात आणि उरलेल्या रकमेला सहा किंवा तशाच एखाद्या आकड्याने भागतात. समजा भाव ३.८० डॉलर आहे, आधारभाव १.२० आहे आणि भागाकार सहाने आहे. तर मैलाला सुमारे ४३ सेंट येतात. तुमच्या आठवड्याच्या २,५०० मैलांपैकी ३५० मैल रिकामे असतील आणि सरचार्ज फक्त भरलेल्या मैलांवर मिळत असेल, तर आठवड्याला सुमारे १५० डॉलर तिथेच गेले. उलट बाजूने पाहिले तर सूत्र गॅलनला सहा मैल गृहीत धरते; तुम्ही ताशी ६२ मैलांच्या आसपास शांतपणे चालवून साडेसात मैल काढलेत, तर त्याच भावाने आठवड्याला ३०० डॉलरहून अधिक डिझेल वाचते आणि ते सगळे तुमच्या खिशात राहते. मैलाच्या करारात चालकाच्या उजव्या पायाला जी किंमत आहे ती भरतीच्या जाहिरातीत कधी दिसत नाही.

त्याच जोडीने इंधन कार्डाबद्दल विचारा. मोठ्या कॅरियरला पंपावर सवलत मिळते. ती पूर्ण तुमच्यापर्यंत येते, अर्धी येते की अजिबात येत नाही, आणि हिशेबात पंपावरचा भाव लावतात की सवलतीचा, हे कागदावर घ्या.

कपातींविषयी मी जरा विस्ताराने लिहितो, कारण माझे नुकसान तिथेच झाले. ट्रेलरचे भाडे, मालाच्या विम्यातील वाटा, अपघात विमा, गाडीच्या नुकसानीचा विमा, ‘नॉन-ट्रकिंग’ विमा, इलेक्ट्रॉनिक लॉगचे (चालवण्याच्या तासांची नोंद ठेवणाऱ्या यंत्राचे) शुल्क, नंबर प्लेटचे हप्ते, टोल आणि एस्क्रो अशा डझनभर ओळी सेटलमेंटवर असू शकतात. त्रयस्थ लोकांच्या नुकसानीचा विमा कायद्याने कॅरियरने ठेवायचा असतो, कारण गाडी त्याच्या ऑथॉरिटीवर चालते. पण त्याचा भार तुमच्यावर किती टाकला आहे, हे करारात पाहावे लागते. नॉन-ट्रकिंग विमा तुम्ही स्वतःच्या कामासाठी गाडी नेता तेव्हाचाच असतो. पुढचा लोड (माल) उचलायला रिकामे निघालात तर तो उपयोगी पडत नाही आणि हा फरक अनेकांना अपघातानंतर कळतो. कॅरियरमार्फत विमा घेतलात तर पॉलिसीची प्रत मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. तो वापरा.

एस्क्रो म्हणजे कॅरियरकडे राहणारी तुमची अनामत. माझ्याकडून आठवड्याला १०० डॉलर याप्रमाणे २,५०० डॉलर कापले गेले. चौदा महिन्यांनी मी करार संपवला, गाडीच्या दरवाजावरची कंपनीची नावे काढून दिली, लॉगचे यंत्र परत केले आणि वाट पाहत बसलो. नियम असा आहे की करार संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत ही रक्कम हिशेबासह परत करायची आणि मधल्या काळात किमान तीन महिन्यांनी एकदा तिच्यावर व्याज द्यायचे. मला व्याजही दिसले नाही आणि हिशेबही नाही. मी नियमाचे कलम लिहून नोंदणीकृत पत्र पाठवले, तेव्हा पाचव्या महिन्यात धनादेश आला, तोही ‘ट्रेलर दुरुस्ती’ या नावाखाली ६०० डॉलर कापून, ज्याची पावती मला आजतागायत मिळालेली नाही. त्या वेळी गाडीची डीपीएफ (धुरातील काजळी गाळणारी) प्रणाली बिघडली होती आणि दुरुस्तीसाठी मला मित्राकडून उसने घ्यावे लागले. त्यामुळे कोणत्याही कॅरियरचा करार वाचताना मी आता शेवटच्या पानांपासून सुरुवात करतो: किती दिवसांच्या सूचनेने सोडता येते, एस्क्रोतून कोणकोणत्या गोष्टी वजा होऊ शकतात, शेवटची सेटलमेंट कशासाठी अडवता येते आणि नंबर प्लेट कोणाच्या नावावर आहे. प्लेट कॅरियरची असेल तर सोडल्या दिवशी ती परत जाते आणि नवी मिळेपर्यंत गाडी अंगणात उभी राहते. नावे काढताना छायाचित्रे घ्या आणि परत केलेल्या प्रत्येक वस्तूची पोच ठेवा.

कॅरियरची प्रकृती तपासायला पैसे पडत नाहीत. केंद्रीय मोटर कॅरियर सुरक्षा प्रशासनाच्या ‘सेफर’ संकेतस्थळावर त्यांचा डीओटी (केंद्रीय वाहतूक खात्याचा) क्रमांक टाका. किती गाड्या, किती चालक, गेल्या २४ महिन्यांतील अपघात, हे सगळे तिथे दिसते, आणि तपासणीत जागीच थांबवलेल्या गाड्यांचे प्रमाण तर राष्ट्रीय सरासरीच्या शेजारी दिसते. हा केवळ सुरक्षिततेचा प्रश्न नाही. वजनकाट्यावर कोणत्या गाडीला आत बोलवायचे हे ठरवताना कॅरियरचा इतिहास पाहिला जातो. त्यांच्या इतर गाड्यांचे ब्रेक ढिले असतील, तर तुमची नीट सांभाळलेली गाडीही पुन्हा पुन्हा आत बोलावली जाते आणि चौदा तासांच्या घड्याळातील (कामाच्या दिवसाच्या कायदेशीर मर्यादेतील) तुमचा वेळ जातो. आर्थिक प्रकृतीही पाहा. डिसेंबर २०१९ मध्ये इंडियानापोलिसची सेलॅडन ही मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा वाटेत असलेल्या चालकांची इंधन कार्डे बंद पडल्याच्या बातम्या आमच्याच शहरातून आल्या होत्या. त्यांपैकी काहींना घरी परतण्यासाठी इतर चालकांनी मदत केली. पगार किंवा सेटलमेंट एक आठवडा जरी लांबल्याची कुजबुज ऐकू आली, तरी तिकडे जाऊ नका.

त्या कंपनीकडे आज गाडी लावलेल्या किमान तीन मालकांशी बोला आणि ते तुम्ही स्वतः ट्रक स्टॉपवर शोधलेले असावेत, कंपनीने सुचवलेले नसावेत. पंजाबी बांधव या धंद्यात मोठ्या संख्येने आहेत आणि माझा अनुभव असा की हिंदीत दोन शब्द बोललात तर ते मोकळेपणाने हिशेब दाखवतात. त्यांना जानेवारी-फेब्रुवारीतील लागोपाठच्या तीन-चार सेटलमेंट दाखवण्याची विनंती करा. नाताळच्या आधीचे आकडे सगळ्यांचेच चांगले असतात. माल मंदावल्यावर डिस्पॅचर कोणाला चालू ठेवतो आणि कोणाला बसवून ठेवतो, हे हिवाळ्यातच दिसते. लोड नाकारता येतो का आणि नाकारल्यावर पुढचे दोन दिवस काय होते, हेही त्यांनाच विचारा.

तिसऱ्या प्रस्तावाला माझे स्पष्ट उत्तर नकार असे आहे. जो तुम्हाला लोड देतो तोच तुमच्या गाडीचा हप्ता कापतो, म्हणजे हप्ता भरण्याइतकी कमाई होऊ द्यायची की नाही हे त्याच्या हातात राहते, आणि तुम्ही सोडलेत तर गाडी तिथेच राहते, त्याबरोबर भरलेले हप्तेही. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यानुसार नेमलेल्या ट्रक लीझिंग कार्यगटाने या योजनांचा अभ्यास करून जानेवारी २०२५ मध्ये त्यांवर बंदी घालण्याची शिफारस केली. तुम्ही आधीच स्वतंत्रपणे गाडी घेऊ शकता, तर ही जोखीम घेण्याचे कारण मला दिसत नाही.

तुम्ही ओघात लिहिले आहे की पत्नीच्या नोकरीमुळे पुढे कॅलिफोर्नियात जावे लागेल. त्या राज्याचा एबी-५ कायदा स्वतंत्र कंत्राटदार कोणाला म्हणावे याची कसोटी फार कडक करतो आणि जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धचे वाहतूकदारांचे प्रकरण ऐकण्यास नकार दिल्यानंतर काही कॅरियर तिथल्या रहिवाशांच्या गाड्या लीजवर घेतच नाहीत. हे आजच विचारून ठेवा.

पहिल्या दोनांत निवड करायची तर, तुम्ही दिलेल्या माहितीवरून मी दुसऱ्याकडे झुकतो, पण तीन अटींवर: मैल प्रॅक्टिकल हवेत, सरचार्ज रिकाम्या मैलांवरही हवा आणि ट्रेलरचे भाडे नसावे. नव्या मालकाला पहिल्या वर्षी भाड्याचे चढउतार अंगावर घेण्यापेक्षा आठवड्याचा अंदाज बांधता येणे महत्त्वाचे असते, कारण जुन्या गाडीची पहिली मोठी दुरुस्ती, जड वाहनांसाठी २२९० अर्जावर भरावा लागणारा ५५० डॉलरचा वार्षिक कर आणि तिमाही प्राप्तिकर हे सगळे याच वर्षात प्रथम भेटतात. बाजारातले दर कळू लागले आणि सहा महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक जमली, की टक्केवारीवर जाण्याचा विचार करता येईल. पहिल्या कॅरियरने फ्रेट बिलाची प्रत दर आठवड्याला देण्याचे लेखी मान्य केले आणि ७५ टक्के पूर्ण भाड्याचे निघाले, तर माझे मत बदलू शकते. दोन्ही करार परिशिष्टांसह हाती आले की त्यांतील कपातींच्या ओळी इथे टाका; नावे आणि पत्ते मात्र आधी वगळा. मी माझ्या सेटलमेंटशी ओळीला ओळ लावून पाहीन आणि काय वाटते ते लिहीन.