फ्रीस्टाइल स्कीइंग शिकायला गुलमर्गला जातोय, बाइकचं हेल्मेट आणि क्रिकेटचे पॅड चालतील का?

थेट सांगते. बाइकचं हेल्मेट चालणार नाही, क्रिकेटचे पॅड चालणार नाहीत, बाइकवाल्यांचं बॅक प्रोटेक्टर (पाठीचा गार्ड) मात्र बिनधास्त न्या. तुम्ही लिहिलंय की फेब्रुवारीत गुलमर्गला चाललाय, बेसिक कोर्स झालाय, आता उड्या आणि फिरक्या शिकायच्यात, मुंबईत बर्फाचं सामान धड मिळत नाही म्हणून घरात आहे त्यात भागलं तर बरं, आणि एवढं सगळं खरंच लागतं की हे दुकानदारांचे चोचले आहेत. मी मुलुंडची, हिवाळ्यात जमेल तेव्हा स्की आणि बाकी वर्षभर स्कूटर नि लोकल, त्यामुळे घरात आहे त्यात भागवायचा विचार मला पूर्ण कळतो, पण इथे एक गोष्ट बघायची असते ती म्हणजे ती वस्तू कुठल्या धक्क्यासाठी टेस्ट केलेली आहे. ते एकदा कळलं की काय घ्यायचं, काय उसनं मागायचं आणि काय सोडून द्यायचं हे आपोआप सुटतं.

हेल्मेटपासून सुरुवात करू. आपलं स्कूटरचं आयएसआय हेल्मेट आयएस ४१५१ वालं असतं, रस्त्यावर आपटण्यासाठी बनवलेलं आणि वजनाला चांगलंच भारी, एक किलोच्या आसपास. स्कीचं हेल्मेट साधारण अर्धा किलो. उडी मारून पडताना मान झटका खाते तेव्हा हा जास्तीचा अर्धा किलो मानेलाच सांभाळावा लागतो. शिवाय कान बंद, म्हणजे मागून कोण ओरडतंय ते कळत नाही, काच श्वासाने धुरकट होते आणि आत स्कीचे गॉगल बसत नाहीत. तेव्हा नकोच. स्कीच्या हेल्मेटमध्ये आत स्टिकर असतो, त्यावर ईएन १०७७ (युरोपचं स्टँडर्ड) किंवा एएसटीएम एफ२०४० (अमेरिकेचं) लिहिलेलं पाहिजे. ईएन १०७७ मध्ये ए आणि बी असे दोन क्लास, ए मध्ये कानावरही कडक कवच येतं, बी मध्ये कानावर मऊ पट्ट्या. शिकणाऱ्याला बी चालतं, बहुतेक लोक तेच घालतात.

आता ही टेस्ट काय असते? ईएन १०७७ मध्ये हेल्मेट घातलेलं डमी डोकं साधारण दीड मीटरवरून ऐरणीसारख्या लोखंडावर सोडतात, म्हणजे आपटताना वेग येतो ताशी २० किलोमीटरच्या आसपास. तुम्ही म्हणाल स्की तर त्याहून जोरात जाते, मग उपयोग काय. तर बघा, उभा माणूस कडक बर्फावर आडवा पडला की डोकं जवळपास तेवढ्याच उंचीवरून खाली येतं, म्हणजे नेहमीच्या पडण्यासाठी ही टेस्ट बरोबर आहे. झाडाला किंवा दगडाला वेगात धडकणं हा वेगळा विषय. फॉर्म्युला वनचा शूमाकर २९ डिसेंबर २०१३ ला फ्रान्समध्ये मेरिबेलला स्की करताना पडला तेव्हा त्याने हेल्मेट घातलेलं होतं, डोकं दगडावर आपटलं. म्हणून हेल्मेट घातलं की झाडांमधून जायला हरकत नाही असं गणित कृपा करून मांडू नका.

आणि हेल्मेट मानेला काहीही करत नाही. कॅनडाची सारा बर्क, हाफपाइप स्कीइंग (अर्ध्या कापलेल्या पाइपसारख्या बर्फाच्या खोलगट वाटेत उड्या मारणं) ऑलिम्पिकमध्ये यावं म्हणून जी झटली, ती जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत पार्क सिटीला सराव करताना पडली आणि मानेतल्या मणक्याजवळून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटली, नऊ दिवसांनी गेली. हेल्मेट होतं. क्रिकेट बघणाऱ्यांना आठवेल, ऑस्ट्रेलियाच्या फिल ह्यूजला २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये सिडनीत बाउन्सर हेल्मेटच्या खाली मानेवर लागला, तिथेही तीच रक्तवाहिनी. त्यानंतर क्रिकेटच्या हेल्मेटला मागे मानेचा गार्ड आला. स्कीत तसं काही घालून फिरत नाहीत, तिथे मान वाचते ती उडी आपल्या आवाक्यातली ठेवल्यानेच. (हाफपाइप २०१४ ला सोचीत आलं, ते बघायला सारा नव्हती.)

मिप्स लिहिलेलं हेल्मेट घ्यावं का असंही लोक विचारतात. आत एक पातळ थर असतो जो तिरका फटका बसला की १०-१५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे डोक्याला बसणारा पीळ थोडा कमी व्हावा. बजेटमध्ये बसत असेल तर घ्या, पण मिप्सवालं ढिलं हेल्मेट आणि साधं पण घट्ट बसणारं हेल्मेट यात मी दुसरं घेईन. पट्टा न लावता मान हलवून बघा, कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. आत माकडटोपी नको! आई बॅगेत कोंबेलच, संध्याकाळी बाजारात फिरायला घाला. फार तर पातळ कापडी टोपी. लांब केस असतील तर अंबाडा मानेजवळ खाली बांधायचा, वर बांधला तर हेल्मेट उचललं जातं. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही छान दिसो, आतला थर्माकोलसारखा फोम एकदाच दबतो, ते टाकून द्यायचं. त्यामुळे सेकंडहँड हेल्मेट घेऊ नका, त्याचा इतिहास विकणारा सांगत नाही. परत आल्यावर ते मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका आणि पावसाळ्यात माळ्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून तर अजिबात नको, पॅडिंगला बुरशी येते आणि गॉगलचा फोम चिकट होऊन सुटायला लागतो.

बॅक प्रोटेक्टरची गोष्ट तुमच्या बाजूची आहे. पाठीच्या गार्डला ईएन १६२१-२ असं जे स्टँडर्ड असतं ते मुळात बाइकवाल्यांसाठीचंच, स्कीवाले पण तेच बघतात. लेव्हल १ म्हणजे आरपार जाणारा धक्का सरासरी १८ किलोन्यूटनच्या आत, लेव्हल २ म्हणजे ९ च्या आत. बाइकवाल्या मित्राकडून मागून आणलेला लेव्हल २ असेल तर सोन्याहून पिवळं. फक्त एक बघा. हल्लीचे मऊ प्रोटेक्टर ज्या मटेरियलचे असतात, डी३ओ वगैरे, ते कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवल्यासारखं वागतं, हळू दाबलं तर मऊ आणि अचानक मारलं तर कडक. थंडीत असलं मटेरियल आधीच आखडतं. म्हणून लेबलवर टी आणि त्यापुढे वजाचं चिन्ह आहे का बघा, म्हणजे ते उणे १० डिग्रीला पण टेस्ट केलंय. लडाखला बाइक नेणाऱ्यांना हे माहीत असतं. दुसरं म्हणजे जॅकेटच्या खिशात सरकवायचा पॅड नको, कंबरेला पट्टा असलेला वेगळा घ्या, उलटंपालटं पडताना जॅकेट वर सरकतं आणि पॅड खांद्यावर जाऊन बसतो.

आता तो काय करत नाही तेही ऐका. लोखंडी रेलच्या (स्की घेऊन ज्यावरून घसरत जातात त्या दांड्याच्या) कडेवर पाठ आपटली, कुणाची स्की लागली, खाली दगड आला, यासाठी तो आहे. बुडावर किंवा डोक्यावर सरळ पडून मणका दाबला गेला तर त्याचा उपयोग जवळजवळ नाही.

क्रिकेटचे पॅड समोरून येणाऱ्या बॉलसाठी असतात आणि स्कीचा बूट नडगीवर एवढा वर येतो की पॅड बांधायला जागाच नाही. त्याऐवजी पॅडवाली शॉर्ट मिळते, कंबरेच्या बाजूला, मांडीला आणि माकडहाडाला जाड फोम असलेली, ती आत घालायची. बॉक्स (रेलसारखाच, पण रुंद पाटासारखा) आणि रेल शिकताना माणूस दिवसभर कुल्ल्यावरच पडतो, संध्याकाळी हॉटेलच्या जिन्यावर या शॉर्टची किंमत कळते. टीव्हीवर मोगल्सच्या (बर्फाच्या उंचवट्यांवरून उतरायच्या शर्यतीच्या) खेळाडूंच्या गुडघ्यावर जे रंगीत चौकोन दिसतात ते बघून कुणी गुडघ्याचे पॅड शोधत असेल तर ते जजना पाय कसे हलतायत ते दिसावं म्हणून असतात, संरक्षणाचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि गुडघ्यावरूनच मुद्द्याचं. स्कीत सगळ्यात जास्त दुखापत होते ती गुडघ्याला, त्यात एसीएल नावाचं लिगामेंट, आणि त्याला वाचवेल असा पॅड नाहीच, कारण तिथे आपटल्याने काही होत नाही, पिळल्याने होतं. त्याचं गियर म्हणजे बाइंडिंग, बूट स्कीला धरून ठेवणारा तो पुढचा-मागचा खटका. ठरावीक जोर आला की बूट सुटला पाहिजे, आणि हा जोर तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या सोलची लांबी आणि तुम्ही किती सावकाश किंवा जोरात स्की करता यावरून चार्टमध्ये बघून लावतात, आयएसओ ११०८८ म्हणून त्याचं स्टँडर्डच आहे. बाइंडिंगवर छोट्या खिडकीत जो आकडा दिसतो तो हाच, लोक त्याला डिन म्हणतात. भाड्याच्या दुकानात सकाळी झुंबड असते, आधीच्या माणसाचा आकडा तसाच ठेवून स्की हातात देतात, मला असं एका दुकानात मिळालेलं आहे आणि आधी वापरणारा नक्की माझ्या दीडपट असणार. तेव्हा वजन खरं सांगा (दोन-तीन किलो लपवायची ही जागा नाही), स्वतःला जोरदार स्कीअर म्हणवून घेऊ नका, सोलची लांबी बुटाच्या टाचेजवळ मिलिमीटरमध्ये छापलेली असते ती आणि खिडकीतला आकडा दोन्हीचा फोटो काढून ठेवा. स्की पार्कात (उड्या नि रेल बांधून ठेवलेल्या जागेत) फिरणारी पोरं रेलवर स्की सुटू नये म्हणून हा आकडा मुद्दाम वाढवतात, ते बघून तुम्ही स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका.

तरी बाइंडिंगला एक गोष्ट कळत नाही. उडीनंतर वजन मागे राहिलं, म्हणजे आपण बसल्यासारखे टेकलो, की बुटाची मागची कडक बाजू नडगीला पुढे ढकलते आणि एसीएल तिथे तुटतं. बाइंडिंग पुढून बाजूला आणि मागून वर सुटतं, या ढकलण्यात ते बहुतेक वेळा सुटतच नाही. म्हणून छोट्या उंचवट्यावरून, अगदी गुडघाभर उंचीच्या, लँडिंगला नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली राहते का तेवढंच घोटवा. मुंबईत ट्रॅम्पोलिन पार्क आहेत, जायच्या आधी तिथे हवेत सरळ राहायची सवय करा, पैसे वसूल. एरियल्सवाले, जे तीन-तीन कोलांट्या घेतात, ते उन्हाळ्यात पाण्यात उड्या मारतात, पार्क सिटीला त्यासाठी तलाव आहे, खालून हवेचे बुडबुडे सोडून पाणी मऊ करतात आणि तिथेही हेल्मेट असतंच. नवीन कोलांटी थेट बर्फावर करून बघण्याची पद्धत त्यांच्यातही नाही, मग आपण कोण!

गॉगलला लोक फॅशन समजतात. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत यूव्ही परत फेकतो आणि दर हजार मीटर उंचीला यूव्ही साधारण १० टक्क्यांनी वाढतं, गुलमर्गच २६०० मीटरच्या वर आहे, बिनगॉगल दिवस काढला तर रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं. पण फ्रीस्टाइलला खरी अडचण ढगाळ दिवसाची, सगळं एकसारखं पांढरं दिसतं आणि जमीन कुठे सुरू होते कळत नाही, त्यामुळेच बाहेरच्या पार्कांत उडीच्या कडेला निळा रंग मारतात. गडद लेन्स कॅटेगरी ३ ची उन्हाला आणि फिकट १ ची ढगाला, दोन्ही ठेवा, आणि ढगाळ दिवशी लँडिंग दिसत नसेल तर त्या दिवशी उडी नाही.

किरकोळ दोन. पार्कात काठीचा पट्टा मनगटात अडकवू नका, पडताना काठी हातात राहिली की अंगठ्याचं लिगामेंट जातं. आणि गरम पाण्यात मऊ करून दातावर बसवायचा माउथगार्ड धोबी तलावला बॉक्सिंगचं सामान मिळतं तिथे मिळेल, स्वस्त आहे, घ्या. उडीनंतर गुडघा हनुवटीला लागतो हे फार कॉमन आहे.

गुलमर्गात युरोपसारखा रोज सांभाळलेला पार्क मिळेल असं धरून जाऊ नका, बऱ्याचदा इन्स्ट्रक्टर सरच फावड्याने छोटी उडी बांधून देतात आणि शिकायला तेवढी पुरते. फक्त कुणी "चला, फेज टू वर (गोंडोला रोपवेच्या वरच्या टप्प्यावर) मस्त पावडर (ताजा भुसभुशीत बर्फ) आहे, तिथे उड्या मारू" म्हणालं तर थांबा. अफरवत डोंगराचा तो भाग साधारण ३९०० मीटरवर, बाजूचा उतार मोकळा. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे हिमस्खलनात पोलंडचे दोघं गेले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत एक रशियन. तिथलं गियरच वेगळं, ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं सिग्नलचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), फावडं आणि हे तिन्ही वापरता येणारा जोडीदार. यातलं एकही कमी असेल तर फेज वनवरून खाली या.

विकत घ्यायचंच तर माझा क्रम हेल्मेट, गॉगल, पॅडवाली शॉर्ट, आणि बॅक प्रोटेक्टर मित्राकडून. स्की आणि बूट तिथेच भाड्याने. तिकीट काढताना इन्शुरन्स घेतलात तर त्यात विंटर स्पोर्ट्स वेगळं लिहिलंय का वाचा, साध्या पॉलिसीत अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट बऱ्याचदा वगळलेला असतो, आणि ते एजंटला फोनवर नका विचारू, मेलवर लिहून घ्या.