ठसका लागतो म्हणून पाणी तोडू नका

प्रश्न : सासऱ्यांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. मऊ भात नीट जातो, पाण्यानं मात्र ठसका लागतो. म्हणून सासूबाईंनी पाणीच कमी केलं. बरोबर आहे का? (दारव्हा तालुका)

नाही, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर मुळीच नाही. पाणी गिळायला सोपं वाटतं, पण या आजारात तेच अवघड. ते झरकन घशात उतरतं आणि श्वासनलिका वेळेत झाकली जात नाही. पाणी फुफ्फुसात गेलं की न्यूमोनियाची भीती.

आधी गडव्यानं वरून धार धरून पिणं बंद करा. त्यात मान मागे जाते आणि श्वासाची वाट उघडी राहते. खुर्चीत ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली. लहान चमच्यानं द्या. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली की मगच पुढचा चमचा. ज्वारीची दाटसर अंबील बऱ्याच जणांना पाण्यापेक्षा सोपी जाते. द्रव घट्ट करायची पावडर मिळते, पण ती मनानं सुरू करू नका. त्यानं काही जण आणखी कमी पितात. नागपूर किंवा सेवाग्रामच्या मोठ्या रुग्णालयात गिळण्याच्या तपासणीसाठी स्पीच थेरपिस्ट आहेत का, ते विचारा.

आणि ठसका नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. जेवल्यावर आवाज घरघरत असेल, वरचेवर ताप येत असेल, तर दवाखाना गाठा.

प्रश्न : माय घास गालातच धरून ठेवते. मला वेचणीला जायची घाई असते. (वणी तालुका)

तोंडात घास आहे हेच त्या विसरतात, हट्ट नव्हे. टीव्ही बंद करा, समोर बसा, रिकामा चमचा ओठांना लावा. पुष्कळदा गिळणं सुरू होतं. कोरडी भाकर, मुरमुरे, शेंगदाणे नकोत. मऊ खिचडीत तूप सढळ घाला. चार घासच जाणार असतील तर त्यांत ताकद हवी. तोंडात काही उरलं नाही ना, ते बघूनच उठा आणि अर्धा तास आडवं करू नका. घाईच असेल तर ते जेवण दुसऱ्या कुणाकडे सोपवा.

प्रश्न : डिमेन्शिया शेवटच्या टप्प्यात आहे. नातेवाईक म्हणतात, अन्नासाठी नळी टाका, उपाशी मारता का? (मूर्तिजापूर)

या टप्प्यात नळीनं आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो, असं दिसलेलं नाही. वर ती ओढून काढू नये म्हणून हात बांधायची वेळ येते. मी हातानं, मागतील तेवढंच भरवायला सांगते. डॉक्टरांशी बोलताना त्या नातेवाईकांनाही सोबत न्या.

प्रश्न : बाबा ताटातला भात तसाच ठेवतात. (काटोल)

पांढऱ्या ताटात पांढरा भात दिसत नसेल. रंगीत ताट घेऊन बघा.