माळा कुणी काढायचा?

चि. मुलीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. इमारत पुनर्विकासाला जाणार म्हणून बिल्डरची नोटीस आली आहे, जागा रिकामी करून द्यायला तीन महिने हातात आहेत, आईचा गुडघा दुखतो, दादा कॅनडात आणि तू पुण्याहून फक्त शनिवार-रविवार डोंबिवलीला येणार. प्रश्न एका ओळीचा आहे: पैसे घेऊन घर आवरून-लावून देणाऱ्या ‘होम ऑर्गनायझर’ बाई बोलवायच्या, की रजा टाकून घरच्या घरी उरकायचं?

उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. माळा, दिवाण आणि बांधाबांध यांना माणसं लाव. कागदपत्रं, देव्हारा आणि आईचं कपाट तुम्ही दोघींनीच करा. ऑर्गनायझर बाईंना आत्ता नको, नव्या घराची किल्ली हातात येईल तेव्हा बोलव.

तू हिशोब मांडला आहेस की तुझ्या एका दिवसाच्या पगारापेक्षा त्या बाईंचा दिवसाचा दर कमी पडतो, म्हणजे बाई परवडतात. माळ्यापुरता हा हिशोब बरोबर आहे. तीस वर्षांची धूळ, वर प्लायवूडची डळमळीत फळी, खाली स्टुलावर तू आणि स्टूल धरायला गुडघेदुखीची आई, हा प्रकार करूच नकोस. दोन तगडी माणसं अर्ध्या दिवसात सगळं खाली आणतील. पण घर आवरताना खरा वेळ उचलण्यात जात नाही, ठरवण्यात जातो. आजीचं तांब्याचं घंगाळ खाली काढायला दोन मिनिटं लागतात. ते ठेवायचं की मोडीत घालायचं यावर तुमची अख्खी संध्याकाळ जाणार आहे. पैसे देऊन ती संध्याकाळ वाचत नाही. त्या बाई तासावर पैसे घेत असतील तर तुम्ही मायलेकी घंगाळावरून भांडत असताना त्यांचं मीटर मात्र चालू राहील.

या बाईंच्या कामाला मी कमी लेखत नाही. त्यातल्या चांगल्या बायका फार चांगलं काम करतात. सामानाचे गट पाडतात, एकाच प्रकारच्या वस्तू एका जागी आणतात, रोज लागणारं हाताशी आणि वर्षातून एकदा लागणारं वर, असं घर लावून देतात. पण हे सगळं ज्या घरात राहायचं त्या घरासाठी असतं. तुम्ही आता भाड्याच्या घरात जाणार. तिथल्या ट्रॉल्या घरमालकाच्या, कपाटाची मापं वेगळी आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा बाडबिस्तरा उचलायचा. तिथे देखणे डबे आणि मापाचे ट्रे घेऊन फळ्या सजवणं म्हणजे मांडवाला प्लास्टर करण्यासारखं आहे. भाड्याच्या घरात अर्धे खोके न उघडता राहिले तरी चालतील. बाहेर खडूने मोठ्या अक्षरात, आणि मराठीत, काय आहे ते लिहिलेलं असलं म्हणजे झालं. आईला वाचता आलं पाहिजे.

नव्या घराच्या वेळी मात्र सुताराला मापं द्यायच्या आधी त्या बाईंना एक दिवस बोलव. तो पैसा वाया जाणार नाही. ट्रॉल्या बसल्यावर सल्ला घेऊन उपयोग नसतो. त्या दिवशी ओट्याशी आईला उभी कर. तिचा हात कुठवर पोचतो, तिला किती वाकवतं, जड कुकर कुठे ठेवला तर गुडघ्यावर ताण येत नाही, हे तिलाच बोलू दे. जी रोज भाकऱ्या थापते तिच्या सोयीने स्वयंपाकघर लागलं पाहिजे. फोटोत कसं दिसेल हा विचार त्यानंतर.

आत्ताच बाहेरचं माणूस बोलवण्याचं एक कारण मला पटतं, आणि तुझ्या मेसेजमध्ये ते नेमकं नाही. तुमच्या दोघींच्या मध्ये बसायला कुणीतरी हवं. तू एखादी वस्तू उचलून ‘हे कशाला ठेवलंय?’ म्हणालीस की आईला त्यात स्वतःच्या संसाराची उलटतपासणी ऐकू येणार. तेच परक्या बाईने नम्रपणे विचारलं की ती हसून सांगेल, ‘द्या हो टाकून.’ हे मी कितीतरी घरांत बघितलं आहे. पण त्यासाठी ऑर्गनायझरच पाहिजे असं नाही. आईची भिशीतली एखादी मैत्रीण चालेल, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू चालतील, मीही चालेन. फक्त दादा नको. व्हिडिओ कॉलवरून ‘सगळं टाकून द्या’ म्हणणं फार सोपं असतं. त्याच्या नावाची जी खोकी निघतील त्यांचे फोटो त्याला पाठव, उत्तर द्यायला तारीख दे आणि ती तारीख पाळ.

आणखी एक. ‘मदत घ्यायची की नाही’ असं तू लिहितेस, पण तुमच्याकडे रोज मदत येतेच आहे. भांडी-फरशीला येणाऱ्या ताई. दसऱ्याआधी घर काढतात तेव्हा पंखे पुसणं, डबे घासणं, गोधड्या धुणं हे त्यांच्याकडून नेहमीच्या पगारात करून घेतलं जातं आणि दिवाळीला एक साडी दिली की आपल्याला मोकळं वाटतं. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, पण माळा काढण्याचे वेगळे पैसे किती हे काही त्यात लिहिलेलं नाही. ते आपणच ठरवायचं असतं. तेव्हा त्यांना आधी विचार, जमतं का. जमत असेल तर पूर्ण दिवसाची मजुरी ठरव आणि महिन्याच्या पगारात न मिसळता त्याच संध्याकाळी हातात दे. कुठली बरणी कुठे असते हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. निघालेल्या वस्तूंतलं त्यांना काही हवं असेल तर चांगल्यातलं विचार. फुटक्या बादल्या आणि बंद पडलेला मिक्सर ‘घेऊन जा’ म्हणून त्यांच्या गळ्यात मारायचा नाही.

आता कागदपत्रं. बाबा गेल्यापासून ते लोखंडी कपाट कुणी नीट बघितलं नसणार, असं मी धरून चालते. हे काम कुणालाही देऊ नकोस, विश्वासातल्या माणसालाही नाही. रद्दीवाल्याला फोन करायच्या आधी हे झालं पाहिजे.

पहिल्यांदा घराची फाईल शोध: मूळ करारनामा, इंडेक्स टू (म्हणजे कराराच्या सरकारी नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. त्या सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला आईचं नाव चढलं आहे का ते बघ. चढलं नसेल तर बाकीची सगळी आवराआवर थांबव आणि सेक्रेटरींकडे जा, कारण नव्या घराचा करार सभासदाच्या नावाने होतो. नॉमिनी म्हणून नाव असणं आणि वारस म्हणून मालकी लागणं या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यासाठी वकिलाचा एक तास घे आणि दादाच्या सह्या लागतील का, तेही तेव्हाच विचारून घे. मला विचारशील तर या तीन महिन्यांत पैसे देऊन घ्यायची सगळ्यांत गरजेची मदत हीच. बिल्डरच्या करारातलं सामान हलवण्याच्या खर्चाचं कलमही वाचून ठेव. तो बहुधा बिल्डर देतो. एकदाच की येताना-जाताना दोन्ही वेळा, हे करारात लिहिलेलं असतं.

मग बाकीचे गठ्ठे. त्या पिढीतल्या नोकरदार माणसांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात शेअर घेतले आणि सर्टिफिकेटं कुठल्या तरी पिवळ्या पाकिटात ठेवून दिली, असं पुष्कळ घरांत झालं आहे. दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यातून अशी पाकिटं निघताना मी पाहिलं आहे, म्हणून प्रत्येक अंक झटकून बघायचा. कागदी शेअर आता तसेच विकता येत नाहीत. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने १ एप्रिल २०१९ पासून ते बंद केलं आहे. आधी वारसाचं नाव लावायचं आणि डीमॅट करायचं, म्हणजे कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक खात्यात घ्यायचे. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नसेल तर असे शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे, म्हणजे आयईपीएफकडे वर्ग होतात. तिथूनही ते अर्ज करून परत मिळवता येतात, पण त्याला चिकाटी लागते. बँकेची जुनी पासबुकं आणि ठेवीच्या पावत्या सापडल्या तर विसरलेल्या ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘उद्गम’ पोर्टलवर बाबांच्या नावाने शोध घे. दहा वर्षं हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण त्यावरचा वारसांचा हक्क जात नाही. पोस्टाची बचतपत्रं आणि विम्याच्या पॉलिसी यांची वेगळी फाईल कर. वीज-फोनची वीस वर्षांची बिलं गेली तरी चालतील. आधार-पॅनच्या झेरॉक्स मात्र फाडून टाक, आख्ख्या रद्दीत घालू नकोस.

जुने मोबाईल आणि कॉम्प्युटरची हार्ड डिस्क यांचंही तसंच. आधी आतलं पुसायचं, मग ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणी द्यायचं. भंगारवाला तारेतलं तांबं काढायला वायरी जाळतो, तो धूर आपल्याच खाडीकाठी फिरतो.

स्वयंपाकघराबद्दल फार लिहीत नाही, ते आईचं राज्य आहे. श्रीखंडाचे आणि पार्सलचे रिकामे डबे तिला न विचारता कमी केलेस तरी चालेल, पण पुरणयंत्र, सोऱ्या, मोदकपात्र यांना हात लावू नकोस. पितळ-तांब्याची मोठी भांडी मोडीत द्यायची ठरलीच तर घरी वजन करून, दोन दुकानांत भाव विचारून दे. दारावर येईल त्याला देऊ नकोस. कल्हई करून दोन पातेली ठेवा, बाकी जाऊ देत. कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण अजून तुमच्या गल्लीत येत असेल तर चांगल्या साड्या तिला दाखवायच्या आधी आईला एकदा विचार. जुन्या सुती साड्यांना गोधडी शिवणारीकडे अजून किंमत आहे. बाबांचे कपडे आईला वाटेल तेव्हा ती काढेल. या तीन महिन्यांत नाही काढले तर एक बॅग भरून नव्या घरी न्या. एका बॅगेने काही अडत नाही.

देव्हाऱ्यातले टाक पॅकर्सवाल्यांच्या खोक्यात नकोत, ते आईच्या पर्समध्ये. दागिने आणि मूळ कागदपत्रं लॉकरमध्ये, माणसं घरात यायच्या आधी.

माळा-दिवाणासाठी आणि बांधाबांधीसाठी ज्यांना बोलवशील त्यांना फोनवरच चार गोष्टी विचार. दर तासावर, दिवसावर की एकूण कामावर? किती माणसं येणार? नको असलेलं सामान जिना उतरवून कोण नेणार आणि त्याचे पैसे वेगळे का? काचेचं काही फुटलं तर काय? उत्तरं मेसेजवर लिहून घे. पुढे ऑर्गनायझर बाई येतील तेव्हा एक जास्तीचं विचार: त्या ‘आधी-नंतर’चे फोटो कुठे टाकतात का? आईचा उघडा पसारा चार हजार लोकांनी बघावा, असं मला वाटत नाही. तिला तर ते मुळीच आवडणार नाही. नको म्हणून स्पष्ट सांग. पहिल्या भेटीतच ‘हे सगळं टाकावं लागेल’ म्हणणारी बाई आली तर तिला चहा देऊन परत पाठव.

क्रम असा ठेव. या शनिवारी फक्त लोखंडी कपाट आणि घराची फाईल. पुढच्या शनिवारी माळा, पण माणसं सकाळी लवकर बोलव, दुपारी त्या फळीखाली भट्टी असते. मग दिवाण, मग पुस्तकं. पुस्तकं ग्रंथालयाला द्यायची तर आधी यादी दाखव, ते सरसकट घेत नाहीत. फोटोंचे अल्बम सगळ्यांत शेवटी. ते पहिल्या आठवड्यात उघडलेत तर तीन महिने पुरणार नाहीत. स्वयंपाकघर निघायच्या आदल्या आठवड्यात. तोवर वर्षाचं धान्य भरू नका, असलेलं संपवत आणा.

भाड्याचं घर बघायला जाशील तेव्हा टेप घेऊन जा. लोखंडी कपाट लिफ्टमध्ये मावतं का, दारातून वळतं का, ते मोज. मावत नसेल तर आत्ताच कळवा, माझ्या ओळखीत एका जोडप्याला ते हवं आहे. गुरुवार सोडून मी कधीही मोकळी आहे. घंगाळाच्या दिवशी मला आधी फोन कर, मी येऊन बसते. आणि निघायच्या दिवशी कुकर, चहाचं पातेलं, गाळणी, साखर-पावडर, आईच्या गोळ्या आणि मोबाईलचा चार्जर एका कापडी पिशवीत घालून ती टेम्पोत न टाकता स्वतःच्या खांद्यावर घे.

तुझी,
मावशी