वाचक विचारतात : ओ-यू-जी-एच, अक्षरं तीच मग उच्चार इतके वेगळे का?

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे, सेमी इंग्लिशला. 'टफ'चं स्पेलिंग तिला पाठ होतं म्हणून टी-एच-ओ-यू-जी-एच तिने वर्गात 'थफ' असं वाचलं आणि सगळे हसले. आता ती मोठ्याने वाचायलाच तयार नाही. या ओ-यू-जी-एचला काही नियम आहे का?
– एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, आधी मुलीला सांगा की तिचं डोकं एकदम बरोबर चाललं होतं. टी-ओ-यू-जी-एच जर टफ, तर मध्ये एक एच घातल्यावर थफ व्हायला हवं, यात चुकीचं काय आहे? हसण्यासारखं तर काहीच नाही, घोळ स्पेलिंगचा आहे. बघा ना, टफ, रफ, इनफ मध्ये 'अफ', कॉफ म्हणजे खोकला त्यात 'ऑफ', दो (मुलीने वाचला तोच टी-एच-ओ-यू-जी-एच) आणि ऑल्दो मध्ये 'ओ', थ्रू मध्ये 'ऊ', प्लाउ म्हणजे नांगर त्यात 'आउ', थॉट मध्ये 'ऑ', आणि थरो मध्ये तर ब्रिटिश माणूस शेवटी नुसता अर्धवट 'अ' करून सोडून देतो. इंग्लंडमध्ये लफबरा नावाचं गाव आहे, त्याच्या स्पेलिंगमध्ये ओ-यू-जी-एच दोनदा येतं, पहिल्यांदा 'अफ' आणि दुसऱ्यांदा 'अ', एकाच नावात!

आता हे असं का झालं ते सांगतो, कारण मुलांना कारण कळलं की भीती निम्मी होते असा माझा अनुभव आहे. जुन्या इंग्रजीत इथे खरोखर एक आवाज होता, घशातून घासून येणारा ख, उर्दूतल्या 'ख़ुदा'मध्ये असतो तसा. जर्मनमध्ये तो अजून आहे, डॉटरची जर्मन बहीण 'टॉख्टर', आणि आपल्याकडे संस्कृतातली 'दुहिता' त्याच घरातली. स्कॉटलंडमध्ये तळ्याला 'लॉख' म्हणतात तेव्हाही हाच आवाज ऐकू येतो. सुरुवातीला तो नुसत्या एचने लिहायचे. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, पुढे फ्रेंच वळणाचे लेखनिक आले आणि त्यांच्या हातून हळूहळू जी-एच रूढ झालं. म्हणजे ही अक्षरं कोणी उगाच घातलेली नाहीत, एके काळी तिथे बोलण्यात आवाज होता.

मग तो आवाज इंग्रजांच्या तोंडातून जायला लागला, पण सगळीकडे सारखा नाही. काही शब्दांत तो साफ गळला, जसं दो, थ्रू, प्लाउ. काही शब्दांत घशातून निघून ओठांवर आला आणि त्याचा 'फ' झाला, जसं टफ, रफ, इनफ. एका भागात असं बोलायचे, दुसऱ्या भागात तसं, आणि प्रमाण इंग्रजीत थोडं इकडचं थोडं तिकडचं असं सगळं मिसळून आलं. त्यात 1476 मध्ये विल्यम कॅक्सटन याने लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला, पुढच्या काळात छापील स्पेलिंग एका जागी बसत गेलं, आणि नेमक्या त्याच शतकांमध्ये इंग्रजीचे स्वर मोठ्या प्रमाणावर बदलत होते. कागद थांबला पण तोंड थांबलं नाही.

आपल्या मराठीतही असं थोडंफार आहेच. 'चार माणसं' आणि 'गाईला गवत चार' यातला च लिहायला एकच पण बोलायला वेगळा, आणि आपल्या मुलांना तो कोणी शिकवत नाही, ऐकून येतो. इंग्रजी घरात ऐकायला मिळत नाही म्हणून ते अवघड जातं, मुलं कमी पडतात म्हणून नाही.

नियम म्हणाल तर पूर्ण नाही, पण एक मोठा आधार आहे. शेवटी टी असेल, म्हणजे ओ-यू-जी-एच-टी, तर डोळे मिटून 'ऑट' वाचायचं : बॉट, ब्रॉट, थॉट, फॉट, सॉट. रोजच्या शब्दांत अपवाद एकच, ड्राउट म्हणजे दुष्काळ, आणि तो शब्द सोलापूरकरांना वेगळा शिकवायला नको. हा गट आधी घ्या म्हणजे एकदम पाच-सहा शब्द खिशात येतात. मग 'फ'वाले चार-पाच, आणि उरलेले दो, थ्रू, थरो, प्लाउ एकेक करून वाक्यात वाचून घ्या, यादी पाठ करायला लावू नका. आणि शक्य असेल तर बाईंना भेटून बोला. हसल्यामुळे वाचन बंद होणं हे स्पेलिंग चुकण्यापेक्षा फार मोठं नुकसान आहे.

प्रश्न : कफ सिरपमधला कफ आणि आपला आयुर्वेदातला कफ एकच का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, योगायोग आहे. आपला कफ संस्कृत, म्हणजे छातीत साठतो तो. इंग्रजी शब्द म्हणजे वर सांगितलेल्या जी-एच घराण्यातला कॉफ, अर्थ नुसता खोकला, आणि खोकण्याच्या आवाजावरूनच तो आलेला आहे. म्हणून दुकानात फक्त 'कफचं औषध द्या' म्हणू नका, खोकला कोरडा आहे की कफ पडतोय ते नीट सांगा, दोन्हीची औषधं वेगळी असतात.

प्रश्न : अमेरिकेत थ्रू हे टी-एच-आर-यू असं लिहितात म्हणे, मग परीक्षेत तसं लिहिलं तर चालेल का?
– दहावीचा विद्यार्थी, लातूर

उत्तर : अमेरिकेत प्रयत्न बरेच झाले. 1906 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 300 शब्दांची सोपी स्पेलिंगं सरकारी छपाईत वापरायचा आदेश काढला होता, त्यात दो आणि थ्रू दोन्ही होते, पण संसदेने विरोध केला आणि ते बारगळलं. शिकागो ट्रिब्यून या पेपरने 1934 पासून अशी काही स्पेलिंगं चालवली आणि 1975 मध्ये शेवटी सोडून दिली. नांगराचं पी-एल-ओ-डब्ल्यू मात्र तिकडे कायमचं टिकलं, आणि डोनटचं ओ-यू-जी-एच मधलं यू-जी-एच गाळलेलं छोटं स्पेलिंग तर आता आपल्याकडच्या बेकऱ्यांतही दिसतं. टी-एच-आर-यू हे ड्राइव्ह-थ्रूच्या पाट्यांवर ठीक आहे, बोर्डाच्या पेपरात पूर्ण सातही अक्षरं लिहायची, मार्क जाऊ देऊ नकोस.