हात ओले झाले, धुतले कुठे?

प्रश्न : माझा नातू चार वर्षांचा आहे. सून आणि मुलगा कामावर जातात, त्यामुळे दिवसभर तो माझ्याजवळ असतो. हात धू म्हटले की बोटांची टोके ओली करतो आणि चड्डीला पुसतो. मी अक्षरशः हात धुऊन त्याच्या मागे लागते, पण उपयोग होत नाही. हातावर जंतू असतात अशी भीती घातली, तर रात्री ‘जंतू आले’ म्हणून रडत उठला. आमच्या चाळीत नळाला पाणी सकाळीच येते, नंतर सगळे पिंपातल्या पाण्यावर भागवावे लागते. त्याला सवय कशी लावावी?
— एक आजी, लालबाग

उत्तर : आजी, जंतूंची भीती घालणे आधी थांबवावे. जे दिसत नाही त्यावर विश्वास ठेवणे मोठ्यांनाही जड जाते. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ साली डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनच्या द्रावणाने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींच्या मृत्यूंचे प्रमाण काही महिन्यांत सुमारे १८ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आसपास आले. तरीही त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना ते पटले नाही. मग चार वर्षांच्या मुलाला ते व्याख्यानाने पटावे, ही अपेक्षा कशी करायची? या वयात कारण समजण्याआधी क्रम अंगवळणी पडतो. शौचाहून आल्यावर, खेळून घरात शिरल्यावर आणि ताटावर बसण्यापूर्वी, या तीन वेळा पक्क्या ठराव्यात आणि त्या वेळी आपण त्याला ‘जा, धुऊन ये’ असे न सांगता ‘चल, आपण धुऊ’ म्हणून सोबत जावे.

यात आपल्या घरांतली एक जुनी गफलत आड येते. जेवणानंतर हात तेलकट होतात म्हणून आपण साबण लावतो आणि जेवणापूर्वी मात्र नुसते पाणी फिरवतो. वरणभात हाताने कालवणाऱ्या घरात खरे तर साबणाची गरज आधी असते. मूल हे रोज पाहते, आणि तुमचा नातू नेमके तेच करतो आहे.

नुसत्या पाण्याने हातावरचा तेलकट थर पुरता सुटत नाही आणि त्याला चिकटलेले जंतू तसेच राहतात. साबण तो थर सोडवतो, चोळल्याने जंतू सुटतात आणि वाहत्या पाण्याबरोबर निघून जातात. म्हणून चोळायला किमान २० सेकंद द्यावीत. तळवे, हातांच्या मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखे, एवढे सारे चोळले गेले पाहिजे. घड्याळ लावण्याऐवजी त्याला एक ते वीस सावकाश मोजायला लावावे. बहुतेक मुले ‘एकोणीस’पाशी अडखळतात, तेवढाच वेळ अधिक मिळतो! जंतुनाशक म्हणून विकला जाणारा महाग साबण लागत नाही, साधा पुरतो. पाणी कोमट असण्याचीही आवश्यकता नाही. मात्र नवी कोरी वडी लहान हातात मावत नाही आणि निसटून मोरीत पडते, म्हणून ती अर्धी कापून द्यावी.

पिंपातल्या पाण्याची अडचण खरी असली, तरी ती सोडवता येते. चोळताना पाणी लागतच नाही. आधी हात ओले करावेत, मग साबण लावून चोळावे आणि शेवटी तांब्याने बारीक धार धरावी. एका तांब्यात काम होते. धार आपण धरावी आणि त्याने चोळावे, म्हणजे सोबतही आपोआप घडते. त्याला बादलीत किंवा पिंपात हात बुडवू देऊ नये, कारण मग तेच पाणी सगळ्यांच्या हातांना लागते. शौचालय गॅलरीच्या टोकाला सामाईक असेल, तर साबण घरात शिरताच हाताशी येईल असा ठेवावा. पुसायला त्याचा वेगळा, कोरडा पंचा असावा. ओल्या हातांना जंतू लवकर चिकटतात आणि ओल्या हातांवरून ते पसरतातही सहज.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. नातू रात्री गुदद्वाराशी खाजवत असेल, तर बारीक जंतांची शक्यता असते. खाजवताना त्यांची अंडी नखांत अडकतात, बोट तोंडात गेले की पुन्हा पोटात जातात आणि हे चक्र चालू राहते. अंगणवाडीत किंवा दवाखान्यात मिळणारी जंतांची गोळी पोटातले जंत मारते, परंतु नव्याने होणारी लागण रोखत नाही. म्हणून दर आठवड्याला नखे कापावीत आणि सकाळी उठल्याबरोबर हात धुवावेत. खाज राहिली, तर डॉक्टरांना दाखवावे. घरातल्या सगळ्यांनीच औषध घ्यायचे का, तेही त्यांनाच विचारावे.

प्रश्न : मुलीच्या दप्तरात सॅनिटायझरची बाटली दिली, तर साबण लागणार नाही ना?
— एक पालक, बोरिवली

उत्तर : लागेल. लोकलमधून उतरल्यावर किंवा सहलीत, जिथे पाणी हाताशी नसते तिथे सॅनिटायझर उपयोगी आहे. त्यात किमान ६० टक्के अल्कोहोल असावे आणि ते हातावरच सुकू द्यावे. परंतु हात मातीने किंवा तेलाने माखले असतील तर ते नीट काम करत नाही. जुलाब-उलट्या घडवणारे काही विषाणू आणि वर सांगितलेली जंतांची अंडी यांवरही त्याचा भरवसा धरता येत नाही. शिवाय लहान मुलाने ते गिळणे धोक्याचे असते, म्हणून बाटली मोठ्यांच्याच पिशवीत ठेवावी आणि दप्तरात साबणाचा तुकडा असलेली छोटी डबी द्यावी.