ट्रायग्लिसराइड्स वाढलेत, तर शेंगदाणा तेल सोडून ऑलिव्ह घ्यावं का?

तुमच्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २६०, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४८, आणि तुमचे प्रश्न दोन: तेल बदलू का, ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल घेऊ का? माझ्या मते दोन्ही नको.

हे दोन आकडे वेगवेगळ्या वाटांनी चढतात. ट्रायग्लिसराइड्स तेलापेक्षा साखर, मैदा, ताटातला भाताचा डोंगर आणि दारू यांनी जास्त वाढतात, कारण जादा साखरेची यकृत चरबी बनवतं. एलडीएल वाढवते ती सॅच्युरेटेड चरबी: तूप, लोणी, पाम तेल (जवळपास निम्मं सॅच्युरेटेड), खोबरेल (सुमारे ९० टक्के). त्यांच्या जागी शेंगदाणा किंवा करडई तेल आलं तर एलडीएल उतरतं. पण तूप बंद करून चहासोबत टोस्ट-बिस्किटं सुरू झाली, तर ट्रायग्लिसराइड्स आणखी वर जातात. बहुतेकांचं इथेच फसतं.

म्हणून शेंगदाणा तेल राहू द्या, मोजून वापरा. चार माणसांना महिन्याला ३ लिटर, म्हणजे माणशी दिवसाला साधारण २३ ग्रॅम. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा तळायला घेऊ नका.

ऑलिव्हचं नाव झालं ते बरंचसं स्पेनमधल्या प्रेडिमेड या आहाराच्या मोठ्या चाचणीमुळे. तिथे एका गटाला घरटी आठवड्याला १ लिटर एक्स्ट्रा व्हर्जिन तेल दिलं होतं, आणि सोबत भाज्या, कडधान्यं, मासे असा अख्खा आहार होता. शिवाय त्या तेलातली पॉलिफेनॉल्स (वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं) रिफाइंड केल्यावर जवळजवळ उरत नाहीत. म्हणून 'लाइट' किंवा 'पोमेस' लिहिलेल्या, म्हणजे रिफाइंड तेलाच्या बाटलीवर पैसे घालवू नका.

घाण्याच्या शेंगदाणा तेलातही पॉलिफेनॉल्स फारशी उतरत नाहीत, बरीचशी पेंडीत आणि लाल सालीत राहतात. तेव्हा कुटासाठी दाणे भाजले की सालं पाखडू नका. चव थोडी तुरट लागेल. तो तुरटपणा पॉलिफेनॉल्सचाच. नाचणीचं पीठही चाळू नका, कोंड्यात तीच असतात. जवस मंद भाजून, दळून, रोज १ मोठा चमचा घ्या. अख्खं जवस बरंचसं न पचताच बाहेर पडतं, आणि दळलेलं लवकर खवट होतं, म्हणून आठवड्यापुरतंच करा. त्यातलं ओमेगा-३ शरीरात फार थोडं ईपीए-डीएचएमध्ये (माशांत थेट मिळणाऱ्या ओमेगा-३ मध्ये) बदलतं. मासे खात असाल तर बांगडा किंवा तारली आठवड्यातून दोनदा, तळून नव्हे, कालवणात.

कॅप्सूलला माझा स्पष्ट विरोध आहे. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलीग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य पॉलिफेनॉल) गेल्यास यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात. तुमच्या आकड्यांसोबत फॅटी लिव्हर असण्याची शक्यता असते. त्यावर हा भार कशाला? साधा कोरा चहा चालेल, फक्त जेवणानंतर तासाभराने, नाहीतर अन्नातलं लोह शोषायला अडथळा येतो.

१२ आठवड्यांनी, १२ तास उपाशीपोटी पुन्हा तपासा. आदल्या दोन-तीन दिवसांत दारू नको, लग्नाचं जेवणही नको. ट्रायग्लिसराइड्स कधीही ५०० च्या वर दिसले तर आहाराचे प्रयोग न करता लगेच डॉक्टरांकडे जा. स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो.